खेळ बंद केला की मार्क वाढतात?

दहावीचं वर्ष लागलं की पहिली कुऱ्हाड खेळावर पडते. बॅट माळ्यावर, सायकलला कुलूप. “एक वर्ष कळ काढ, मग खेळ आयुष्यभर,” हे जुळे सोलापूरच्या फ्लॅटपासून पूर्व भागातल्या विणकरांच्या घरापर्यंत सगळीकडे ऐकू येतं.

हा समज चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल हवी. तिच्या फायद्यांत हाडं आणि हृदयाबरोबर अभ्यासातली कामगिरीही मोजलेली आहे. खेळून आलेल्या मुलाचं लक्ष टिकतं, रात्री झोप गाढ लागते आणि पाठांतर पक्कं व्हायला झोप लागतेच. बंद केलेला तास पुस्तकाकडे वळतो असंही नाही. बहुतेकदा तो मोबाईलकडे जातो.

मग मूल स्वतःहून बाहेर कसं पडेल? धाकाने नाही. मैदानाला फेऱ्या मारायची शिक्षा दिली की धावणं म्हणजे अपमान, एवढंच ते शिकतं, आणि याचं मला फार वाईट वाटतं. लंगडी, लगोरी की दोरीवरच्या उड्या, हे त्यालाच ठरवू द्या. सोबतीला एखादा मित्र लागतो. जिंकण्याची सक्ती मात्र नको.

आपल्याकडचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये वेळ सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावरची ठेवा. आणि शक्य असेल तर तुम्हीही चपला घालून सोबत निघा.