पुळणीत गाडी रुतली तर
(दापोली परिसरात स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांसाठी)

हंगामात आमच्या गॅरेजला येणारे बरेचसे फोन एकाच वाक्याने सुरू होतात: ‘थोडीशीच रुतली होती हो, आता अजिबात हलत नाही.’ मधल्या वेळात काय झालं, ते आम्हाला न विचारताच कळतं.

चाक जागच्या जागी फिरू लागलं की अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचला. लगेच. बहुतेक छोट्या गाड्यांना पुढचीच दोन चाकं ओढतात. ती नुसती फिरली की वाळू मागे फेकतात आणि खाली खड्डा करतात. गाडीचं पोट जमिनीपासून वीतभरही उंच नसतं. चार वेळा रेस केलीत की ते वाळूवर टेकतं, चाकांवर वजन राहत नाही, क्लच जळू लागतो. वेळीच थांबलेली गाडी अर्ध्या तासात निघते. पोट टेकलेलीला दोन तास जातात.

थांबलात की चाकांपुढची-मागची वाळू हाताने काढा, टायरची हवा वीसपर्यंत उतरवा आणि आलात त्याच चाकोरीतून हळू मागे घ्या. डांबरीवर येताच हवा पूर्ण भरा, नाहीतर टायर तापतो. पंप नसेल तर आमच्याकडे मिळतो.

आम्ही आल्याआल्या ओढत नाही, आधी खणतो. यावरून काही जण चिडतात. पण पोट टेकलेली गाडी तशीच खेचली तर खालचे पाइप आणि बंपर तुटतात. स्टेपनीजवळ ठेवलेला टोइंगचा हूक काढून ठेवा, आणि पट्टा ताणलेला असताना माणसं लांब उभी करा.

भरतीकडे लक्ष असू द्या. इथले जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: अष्टमीला सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी फार वर येतं. म्हणून फोनवर आम्ही आधी जागा विचारतो, मग गाडी कुठली ते.

आमचं स्पष्ट मत: वाडीतल्या रेताड वाटेने मुक्कामापर्यंत गाडी जरूर न्या, पुळणीवर नेऊ नका. बऱ्याच किनाऱ्यांवर तशी मनाईही असते. आंजर्ले, वेळासला थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं भरतीरेषेच्या वर, कोरड्या भुसभुशीत वाळूत अंडी घालतात. गाड्या रुततात त्याही तिथेच. चाकाखाली घरटं दबतं, आणि चाकोरीत पडलेलं पिल्लू समुद्रापर्यंत पोचत नाही. वाळू धरून ठेवणारी मर्यादवेलही चिरडते. हे आमचं गिऱ्हाईक कमी करणारं सांगणं आहे, तरी सांगतो.

चाकं खाऱ्या पाण्यात गेली असतील तर त्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या. रुतलेली गाडी आम्ही काढली असेल, तर हे धुणं आमच्याकडे त्याच पैशांत होतं.