बारा प्रेषित

येशू ख्रिस्ताने अनुयायांतून निवडून सतत आपल्याबरोबर ठेवलेल्या बारा जणांना ‘बारा प्रेषित’ म्हणतात. गुरूजवळ राहून शिकतो तो शिष्य आणि गुरूच्या वतीने बाहेर पडतो तो प्रेषित. मूळ ग्रीक शब्द ‘अपोस्तोलोस’ याचा अर्थही ‘पाठवलेला’ असाच आहे. बारा हा आकडा इस्राएलच्या बारा वंशांकडे निर्देश करतो.

पेत्र (मूळ नाव शिमोन), त्याचा भाऊ आंद्रिया, जब्दीचे मुलगे याकोब व योहान, फिलिप, बर्थलमय, थोमा, जकातदार मत्तय, अल्फीचा मुलगा याकोब, तद्दय, शिमोन कनानी आणि यहूदा इस्कर्योत ही त्यांची नावे होत. येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार ग्रंथांना शुभवर्तमाने म्हणतात; त्यांपैकी लूकच्या शुभवर्तमानातील यादीत तद्दयाऐवजी याकोबाचा मुलगा यहूदा येतो.

पहिले चौघे गालील सरोवरावरचे कोळी. मार्कच्या शुभवर्तमानात पेत्र व आंद्रिया पाण्यात जाळे टाकत असताना, तर याकोब व योहान होडीत बसून जाळी नीट करत असताना येशू त्यांना बोलावतो. हे दोघे बापाला मोलकऱ्यांबरोबर होडीतच सोडून निघतात. घरी पगारी माणसे होती, म्हणजे मागे टाकलेला धंदा अगदीच हातावर पोट असणाऱ्यांचा नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे. १९८६ साली सरोवराचे पाणी ओसरल्यावर त्याच काळातील सुमारे ८ मीटर लांबीची होडी चिखलात सापडली. निरनिराळ्या जातींच्या लाकडांचे तुकडे जोडून ती वेळोवेळी दुरुस्त केलेली दिसते.

येशूचा विश्वासघात करणाऱ्या यहूदा इस्कर्योतच्या जागी चिठ्ठ्या टाकून मत्थियाची निवड झाली. उमेदवार आरंभापासून येशूसोबत वावरलेला व त्याच्या पुनरुत्थानाचा (मरणातून पुन्हा उठण्याचा) साक्षी असावा, अशी अट होती. येशूच्या मृत्यूनंतर अनुयायी झालेला धर्मप्रचारक पौल ती पूर्ण करत नव्हता, तरीही त्याने प्रेषितपदाचा हक्क ठामपणे मांडला आणि ख्रिस्ती मंडळीने तो मानला. मरीया मग्दालिया, योहान्ना, सूसान्ना या स्त्रियाही येशूबरोबर फिरत आणि आपल्या पैशांतून या सर्वांचा खर्च चालवीत. बारांत त्यांची गणना नाही, परंतु येशूची कबर रिकामी असल्याची वार्ता प्रथम स्त्रियांनीच आणली, म्हणून त्यांना वगळून केलेले वर्णन अपुरे ठरते.

जब्दीचा मुलगा याकोब यहूदियाचा राजा हेरोद अग्रिप्पा याच्या आज्ञेने इ.स. ४४ च्या सुमारास तलवारीने मारला गेला. इतरांच्या अखेरीविषयी बहुतांशी परंपराच बोलतात. थोमा केरळात आला व मैलापूरला (आजच्या चेन्नईत) हुतात्मा झाला, अशी भारतीय ख्रिस्ती समाजाची दृढ श्रद्धा आहे. बर्थलमय ‘इंडिया’त गेल्याचे चौथ्या शतकातील ख्रिस्ती इतिहासकार युसेबियस नोंदवतो आणि काही अभ्यासक हा प्रदेश कल्याणच्या परिसराशी जोडतात, मात्र त्या काळचे लेखक दक्षिण अरबस्तान व इथिओपियालाही ‘इंडिया’ म्हणत.