वायफाय जोडलेलं दिसतं, पण प्रिंट येत नाही? यंत्र लगेच बंद करू नका

आम्ही लिनक्सवरचे वायफाय ड्रायव्हर, म्हणजे वायफायची चिप चालवणारं सॉफ्टवेअर, दुरुस्त करतो. लिनक्सवर चालणारी बिलिंग यंत्रं, बारकोड स्कॅनर आणि किचन प्रिंटर बसवणाऱ्या ग्राहकांकडून एकच तक्रार वारंवार येते. सिग्नल भरपूर असतो, वायफाय जोडलेलं असतं, तरी तासाभराने काउंटरवरच्या कॉम्प्युटरला यंत्र सापडेनासं होतं. बंद-चालू केलं की पुन्हा सुरळीत. दादरच्या दुकानात गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना कोणीही तेच करेल. पण कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग (घडामोडींची नोंद) रॅममध्ये असतो आणि बंद करताक्षणी तो जातो. मग यंत्र आमच्या टेबलावर येतं ते ठणठणीत, आणि बिघाड पुन्हा घडवण्यातच दिवस जातात.

डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षा पद्धतीत दोन किल्ल्या, म्हणजे माहिती कुलूपबंद करणारे गुप्त आकडे, असतात. पेअरवाइज किल्ली तुमचं यंत्र आणि राउटर यांच्यापुरती असते. ग्रुप किल्ली सगळ्यांना एकदम जाणाऱ्या ब्रॉडकास्ट पॅकेटसाठी (माहितीच्या तुकड्यांसाठी) असते, आणि ती राउटर ठरावीक वेळाने बदलतो. बऱ्याच राउटरवर ही वेळ 3600 सेकंद असते. नवी किल्ली आलटून पालटून क्रमांक 1 आणि 2 वर येते. ड्रायव्हरने ती चिपमधल्या योग्य खणात ठेवायची आणि पॅकेटचा काउंटर राउटरने दिलेल्या आकड्यापासून सुरू करायचा. स्वस्त डोंगलचे (यूएसबीत लावायच्या वायफाय जोडणीचे) ड्रायव्हर नेमके इथे चुकतात. काही ड्रायव्हर क्रमांक न बघता दोन्ही किल्ल्या एकाच खणात टाकतात आणि जुनी पुसताना नवीही पुसतात. काही ड्रायव्हर जुना काउंटर तसाच ठेवतात, त्यामुळे नवी पॅकेटं शिळी समजून फेकली जातात. ‘हा आयपी कोणाचा?’ ही एआरपीची (आयपीवरून यंत्राचा मॅक, म्हणजे हार्डवेअरचा पत्ता शोधणाऱ्या पद्धतीची) हाक यंत्राला मग ऐकूच येत नाही.

म्हणून बिघाड चालू असतानाच तपासा. कॉम्प्युटरवरून यंत्राला पिंग करा (उत्तर येतं का हे बघणारा छोटा संदेश पाठवा), जाणार नाही. यंत्रावरून राउटरला करा, जाईल. यंत्रावरून त्या कॉम्प्युटरला मात्र पिंग करू नका, कारण त्याला यंत्राचा पत्ता कळतो आणि लक्षण थोडा वेळ लपतं. आता कॉम्प्युटरवर यंत्राच्या मॅक पत्त्याची कायम एआरपी नोंद घाला आणि पुन्हा पिंग करा. गेला, तर दोष बहुतेक ग्रुप किल्लीचाच. नाही गेला, तर पेअरवाइज किल्ली किंवा पॉवर सेव्हिंगकडे बघावं लागेल.

त्यानंतर डीमेसेग (dmesg, कर्नलचा लॉग दाखवणारी आज्ञा) आणि सप्लिकंटचा (वायफाय जोडणी सांभाळणाऱ्या wpa_supplicant प्रोग्रॅमचा) लॉग फाइलमध्ये घेऊन पेनड्राइव्हवर ठेवा. स्क्रीनचा व्हॉट्सॅप फोटो नको, त्यात अर्ध्या ओळी कापलेल्या असतात. सप्लिकंट मोठ्या ‘के’ (-K) पर्यायाने चालवला असेल तर लॉगमध्ये किल्ल्या उघड्या दिसतात. अशा वेळी आधी तात्पुरता पासवर्ड लावा. एरवी पासवर्ड बदलून काही साधत नाही, कारण पासवर्ड कोणताही असला तरी खणाची चूक तीच राहते.

दुकान अडलं असेल तर आम्ही चिपऐवजी सॉफ्टवेअरमधून एन्क्रिप्शन करून देतो, चिप तशी परवानगी देत असेल तर. पण छोट्या प्रोसेसरवर ताण येतो आणि वेग पडतो, म्हणून हा कायमचा उपाय नाही. राउटरवर किल्ली बदलणंच बंद करणं त्याहून वाईट: नेटवर्कमधून बाहेर पडलेल्या यंत्राकडेही चालू किल्ली राहते.

‘दोन ओळींच्या पॅचला (ड्रायव्हरमधल्या दुरुस्तीला) इतके दिवस का?’ असं विचारलं जातं. आम्ही ग्रुप किल्ली बदलण्याची वेळ 60 सेकंदांवर आणून यंत्र 24 तास चालवतो, म्हणजे 1440 बदल होतात. 2017मध्ये उघड झालेल्या क्रॅक (KRACK) हल्ल्यासाठी हँडशेकचा, म्हणजे जोडताना किल्ली ठरवणाऱ्या देवाणघेवाणीचा, तिसरा संदेशही पुन्हा पाठवून बघतो. त्यावर ड्रायव्हरने तीच किल्ली परत बसवून काउंटर शून्यावर आणला, तर काम अपुरं समजतो. डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षा पद्धत हवी असेल तर मॅनेजमेंट फ्रेमसाठीच्या (जोडणी सांभाळणाऱ्या संदेशांसाठीच्या) 4 आणि 5 क्रमांकाच्या किल्ल्याही तपासाव्या लागतात. यासाठी तुमचाच राउटर, त्याच फर्मवेअरसह (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरसह), सोबत द्या. पॅच तुमच्या कर्नल आवृत्तीसाठी बनवून सोर्ससकट हातात देतो.

लॅमिंग्टन रोडवरून डोंगलचा मोठा लॉट घेणार असाल तर आधी एक नग आमच्याकडे तपासायला द्या. खोका आणि मॉडेल तेच असूनही आतली चिप वेगळी निघते, आणि हे शंभर नग बसवल्यावर कळण्यापेक्षा एकावर कळलेलं बरं.