झोजोजीच्या दारातला बर्फ: १९२५ आणि १९५३

जपानी चित्रकार कावासे हासुई यांची मुद्राचित्रे, म्हणजे कोरलेल्या लाकडी ठशांवरून कागदावर छापलेली चित्रे, आवडीने पाहणाऱ्यांचीही एका ठिकाणी गफलत होते. तोक्योतल्या झोजोजी मंदिराचे लाल महाद्वार आणि त्यावर पडणारा बर्फ हा विषय हासुईंनी १९२५ मध्ये हाताळला आणि पुन्हा १९५३ मध्ये. नावांमुळे गोंधळ वाढतो, कारण ‘झोजोजीचा बर्फ’ हे शीर्षक दुसऱ्या चित्राचे आहे, तर अधिक लोकप्रिय असलेल्या पहिल्याचे नाव केवळ ‘शिबातले झोजोजी’ (शिबा हा तोक्योतला भाग).

ओळखायची सोपी खूण म्हणजे माणसे. पहिल्या चित्रात छत्री झुकवून हिमवादळातून वाट काढणारी एकटी स्त्री आहे. दुसऱ्यात छत्र्या घेतलेली काही माणसे दारासमोर ट्रामची वाट पाहत थांबली आहेत. पहिल्यात वारा दिसतो, दुसऱ्यात थांबणे. आणि मला स्वतःला हे थांबणेच अधिक खोल वाटते.

पहिले चित्र ‘तोक्योची वीस दृश्ये’ या मालिकेतले असून ते प्रकाशक वातानाबे शोझाबुरो यांनी प्रकाशित केले. १९२३ च्या भूकंपात हासुईंच्या रेखाटनवह्या जळून गेल्या होत्या, त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी हे काम झाले. दुसरे चित्र जपान सरकारच्या सांस्कृतिक वारसा संरक्षण समितीने पारंपरिक मुद्रणकलेची नोंद राहावी म्हणून करवून घेतले आणि त्याचे टप्पे टिपून ठेवले. एका प्रतीसाठी कागदावर तब्बल ४२ वेळा छाप उमटवावे लागले. अशा चित्रांत बर्फाचा पांढरेपणा बहुधा रंगाचा नसून कोऱ्या कागदाचाच असतो. त्यामुळे गडद पार्श्वभूमीवरचा हिमकण पांढरा राहावा यासाठी एकावर एक छापल्या जाणाऱ्या प्रत्येक ठशावर तेवढी जागा नेमकी त्याच ठिकाणी कोरून काढावी लागते. चित्रकाराइतकेच श्रेय कोरणाऱ्याला आणि छापणाऱ्याला का द्यायचे, हे इथे कळते.

दार मात्र दोन्हीकडे एकच आहे, १६२२ मध्ये बांधलेले. १९४५ च्या हवाई हल्ल्यांत मंदिराचा मुख्य मंडप जळाला, हे लाकडी दार वाचले. १९५३ च्या चित्रातली माणसे ट्रामसाठी उभी आहेत तेव्हा त्यांच्या पाठीमागच्या या दारापलीकडे जुना मंडप उरलेला नव्हता. नवा उभा राहायला १९७४ उजाडले.