पार्श्वभूमी : पेतेनच्या जंगलातले मुक्काम, टिकाल ते एल मिरादोर

ग्वाटेमालाच्या उत्तर टोकाला पेतेन प्रांत आहे. तिथे प्राचीन माया लोकांच्या अवशेषांच्या शेजारी रात्र काढायची पहिली सोय झाली ती चिकल गोळा करणाऱ्या मजुरांची. पर्यटक फार नंतर आले. चिकल म्हणजे च्युइंग गममध्ये पूर्वी वापरला जाणारा चीक, आणि तो देणारं झाड म्हणजे आपल्या डहाणू-घोलवडच्या बागांतला चिकूच. तिथे तो रानात उंचच उंच वाढतो. टिकाल या जुन्या माया शहरातल्या देवळांच्या दारांवरच्या बहुतेक लाकडी तुळयासुद्धा चिकूच्याच आहेत.

चीक पावसाळ्यात चांगला सुटतो, म्हणून मजूर ऐन पावसात रानात शिरत. खोडावर नागमोडी खाचा पाडायच्या, बुंध्याशी पिशवी लावायची, जमलेला चीक कढईत आटवून त्याच्या विटा पाडायच्या आणि खेचरांवर लादून बाहेर न्यायच्या. तळ पडे तो पाण्याजवळ. पेतेनच्या चुनखडीत पाणी मुरून जातं, त्यामुळे साठवणीच्या जागा मोजक्या, आणि त्यांतली काही तळी मायांनीच खोदून-लिंपून केलेली. साहजिकच अवशेष आधी सापडत ते या मजुरांना. कोरीव लेख असलेला दगड दाखवणाऱ्याला २५ डॉलर सोन्यात, असं बक्षीस एका अमेरिकन संशोधकाने लावलं होतं. १९१६ मध्ये वाशाक्तुन हे माया शहर प्रकाशात आलं ते त्याच सुमारास. तिथे १९२६ ते १९३७ उत्खनन चाललं. उत्खनन करणारे गेले, चिकलवाल्यांचं गाव मात्र राहिलं, आजही आहे.

टिकालची गोष्ट विमानापासून सुरू होते. १९५१ च्या आसपास जंगल तोडून धावपट्टी झाली, तोवर तिथे जायला खेचर हेच वाहन होतं. १९५५ मध्ये ५७६ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि पुढच्याच वर्षी एका अमेरिकन विद्यापीठाचं मोठं उत्खनन सुरू झालं. ते १९६९ पर्यंत चाललं. एवढी वर्षं माणसं राहायची म्हणजे खोल्या, स्वयंपाकघर, पाण्याच्या टाक्या, जनरेटर हे सगळं आलंच. उद्यानातल्या सर्वांत जुन्या लॉजचं मूळ या तळात आहे. आजही उद्यानात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच हॉटेलं आणि तंबू ठोकायचं मैदान आहे, तेही सगळं जुन्या धावपट्टीच्या आसपास. १९८० च्या दशकात फ्लोरेस गावाहून डांबरी रस्ता झाला आणि बहुतेक लोक सकाळी येऊन संध्याकाळी परतू लागले. आत राहण्याचं कारण उरलं ते पहाटेचं. मात्र आत राहिलं म्हणून रात्री भटकायची मुभा मिळत नाही. अवशेषांचा भाग रात्री बंद असतो आणि साधारण ६५ मीटर उंचीच्या चौथ्या देवळावरून सूर्योदय पाहायचा तर वेगळं तिकीट आणि सोबत वाटाड्या लागतो. हॉटेलांच्या जाहिराती हे बारीक अक्षरात सांगतात.

खरा वाद मात्र टिकालच्या उत्तरेला झाला आणि तो अजून मिटलेला नाही. १९९० मध्ये सुमारे २१ लाख हेक्टरचं माया जीवावरण क्षेत्र जाहीर झालं. त्याचे गाभा, बहुउपयोगी पट्टा आणि भोवतालचा पट्टा असे भाग पाडले गेले. गाभ्यात वस्ती नाही, शेती नाही. बहुउपयोगी पट्ट्यात गावांना २५ वर्षांच्या कराराने जंगल वापरायला मिळालं: निवडक झाडं तोडायची, चिकल काढायचं, शोभेची पामची पानं आणि ऑलस्पाइस हा मसाला गोळा करायचा. कार्मेलिताला हा हक्क १९९७ मध्ये मिळाला, वाशाक्तुनला २००० मध्ये.

पाठोपाठ २००२ मध्ये सरकारने एल मिरादोर या जुन्या माया शहराच्या खोऱ्याभोवती मोठं विशेष संरक्षित क्षेत्र जाहीर केलं. त्याची हद्द गावांच्या करारातल्या जंगलावर चढत होती. या क्षेत्राच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं असं की लाकूडतोड आणि थडगी उकरणारे चोर थांबवायचे तर कडक संरक्षण हवं, आणि रस्ता न करता मोजकी लॉज उभी राहिली तर लाकडापेक्षा पर्यटन जास्त देईल. पुढे यात छोट्या रेल्वेची कल्पनाही आली. गावांचा सवाल साधा होता: आमची कुऱ्हाड काढून घेणार, मग लॉज कोणाच्या मालकीचं? आम्ही तिथे खोल्या झाडायच्या का?

गावं कोर्टात गेली आणि तो आदेश टिकला नाही. पण सगळ्यांत बोलका पुरावा कोर्टाबाहेरचा होता. कडक संरक्षण असलेल्या पश्चिमेकडच्या राष्ट्रीय उद्यानांत गुरांच्या कुरणांसाठी जंगल जळत गेलं, आणि जिथे गावं टिकून आहेत त्या करारांच्या हद्दीत ते बहुतांशी उभं राहिलं. ‘संरक्षण’ म्हणजे माणूस बाहेर काढणं, हा हिशेब पेतेनमध्ये तरी जुळला नाही. तरीही २०१९ मध्ये याच खोऱ्याच्या संरक्षणासाठी अमेरिकेच्या सिनेटमध्ये एक विधेयक आलं आणि गावांनी पुन्हा विरोध केला. ते मंजूर झालं नाही. कार्मेलिताच्या कराराला मात्र त्याच वर्षी आणखी २५ वर्षं मिळाली.

सीमेपलीकडे मेक्सिकोने उलट वाट धरली. नव्या रेल्वेबरोबर लष्करानेच अवशेषांजवळ हॉटेलं बांधली, त्यांत कालाकमुलचंही एक. एल मिरादोरला आजही रस्ता नाही. पैसेवाले हेलिकॉप्टरने जाऊन येतात. बाकीचे कार्मेलिताच्या सहकारी संस्थेचा वाटाड्या आणि खेचरं घेऊन जाता दोन दिवस, येता दोन दिवस चालतात. मधला मुक्काम बहुधा वाटेवरच्या एल तिंतालच्या अवशेषांपाशी. तंबू नाहीतर छपराखाली मच्छरदाणीचा हॅमॉक. पावसाळ्यात गुडघाभर चिखल, उन्हाळ्यात पिण्याचं पाणीसुद्धा खेचरांच्या पाठीवर.