मालमत्ता कोणाला द्यायची हे ठरवण्याचा अधिकार: धनकोची जप्ती कुठवर पोचते?

कर्ज थकलं, कोर्टाचा हुकूमनामा झाला, पण ऋणकोच्या नावावर काहीच नाही. वडिलांचा दादरचा फ्लॅट आहे, तोही ट्रस्टमध्ये. तो पुढे कोणाला जावा, हे ठरवण्याचा अधिकार मात्र ऋणको मुलीकडे. अशा फ्लॅटवर जप्ती येते का? उत्तर ट्रस्टडीडच्या, म्हणजे ट्रस्ट करतानाच्या दस्ताच्या, एकाच कलमात असतं, आणि नेमकं तेच न वाचता धनको हातपाय गाळतात किंवा नसत्या दाव्यावर पैसे घालवतात.

डीडमध्ये असं असेल: ‘माझी मुलगी लेखी कळवील त्या कोणाही व्यक्तीस, ती स्वतः धरून, विश्वस्तांनी हा फ्लॅट द्यावा.’ हा खुला अधिकार. तिने आज एक पत्र लिहिलं की फ्लॅट तिचा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार ऋणकोच्या मालकीच्या मालमत्तेबरोबरच, जिची विल्हेवाट तो स्वतःच्या फायद्यासाठी लावू शकतो तीही जप्तीस पात्र ठरते, मग ती कोणाच्याही नावावर असो. मुंबईत लागू असलेला 1909 चा नादारी (दिवाळखोरी) कायदाही, नादार माणूस स्वतःच्या फायद्यासाठी वापरू शकला असता असे अधिकार धनकोंच्या वाटणीत धरतो.

आता दुसरं डीड: ‘माझ्या नातवंडांपैकी मुलगी सांगेल त्यास द्यावा.’ इथे मुलगी फक्त निवड करते. स्वतःचं नाव ती घालूच शकत नाही, त्यामुळे तिच्या धनकोंना फ्लॅटला हात लावता येत नाही. हयातभर भाडं तिला मिळावं असंही लिहिलं असेल, तर तेवढा तिचा हक्क मात्र त्यांच्या टप्प्यात येतो. ही सीमा मला न्याय्य वाटते. आईच्या कर्जापायी आजोबांनी नातवंडांसाठी ठेवलेलं घर का जावं?

(कुलमुखत्यारपत्र याहून वेगळं. मुखत्यार मालकाच्या वतीने सही करतो. त्याच्या स्वतःच्या कर्जासाठी मालकाची मालमत्ता जप्त होत नाही.)

ट्रस्ट करणाऱ्यानेच तो रद्द करून मालमत्ता परत घेण्याचा अधिकार राखून ठेवला असेल तर? 2011 मध्ये केमन बेटांवरून असा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे तिथल्या शेवटच्या अपील न्यायालयापुढे, गेला. तुर्कस्तानच्या ठेव विमा निधीला एका माजी बँकमालकाकडून 3 कोटी डॉलर वसूल करायचे होते, आणि त्याने केलेल्या दोन ट्रस्टमध्ये सुमारे 2.4 कोटी डॉलर होते. हा अधिकार जवळपास मालकीइतकाच आहे, असं म्हणत कौन्सिलने तो रिसीव्हरांकडे, म्हणजे वसुलीसाठी कोर्टाने नेमलेल्या माणसांकडे, सोपवायला लावला.

आपल्याकडे स्थावर मालमत्तेचा खासगी ट्रस्ट मालकाच्या हयातीत करायचा तर डीड नोंदवावं लागतं. नोंदलेल्या डीडची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयात फी भरून कोणालाही मागता येते. जप्तीचा अर्ज लिहिण्याआधी धनकोने ती काढावी आणि ‘ती स्वतः धरून’ अशा अर्थाचे शब्द त्यात आहेत का, ते पाहावं.