जमीन सरकते, पण कशाच्या मानाने?

आल्फ्रेड वेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने १९१२ साली खंड सरकतात असं मांडलं आणि भूशास्त्रज्ञांनी ते उडवून लावलं, एवढं आपण वाचलेलं असतं. वेगेनरकडे मोजलेले आकडेही होते, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. ईशान्य ग्रीनलंडमध्ये १८२३, १८७० आणि १९०७ साली वेगवेगळ्या मोहिमांनी रेखांश काढले होते. ते शेजारी ठेवले की ग्रीनलंड युरोपपासून दूर जाताना दिसत होतं, आणि तेही आधी वर्षाला ९ मीटर, मग ३२ मीटर या वेगाने!

खरा वेग आहे वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर. वेगेनरची दिशा बरोबर होती, आकडा हजारपटीने चुकला होता. दोष मोजणीच्या पद्धतीचा. रेखांश काढणं म्हणजे शेवटी वेळ मोजणं, आणि त्या काळी दुर्गम ठिकाणी ती वेळ चंद्राच्या स्थितीवरून काढत. ग्रीनलंडच्या त्या किनाऱ्यावर वेळेत एका सेकंदाची चूक झाली की जागा जवळपास सव्वाशे मीटर हलते. दहा सेकंद चुकले की एक किलोमीटरहून जास्त ‘खंडवहन’ फुकटात मिळतं. १९३० साली ग्रीनलंडच्याच बर्फावर, मोहिमेवर असताना वेगेनर वारला.

पुढे १९६०च्या दशकात समुद्रतळाच्या खडकांमधल्या चुंबकीय पट्ट्यांनी त्याची बाजू भक्कम केली. समुद्रतळ किती वेगाने पसरतो तेही त्यांतून कळलं. पण ते लाखो वर्षांचे सरासरी वेग होते. आज, या वर्षी जमीन सरकते आहे का, हे दाखवायला जमिनीबाहेरची खूण हवी होती. शेजारच्या रुळावरची लोकल हलली की आपलीच गाडी सुटल्यासारखी वाटते. मग आपण फलाटावरच्या खांबाकडे बघतो. पृथ्वीसाठी असा खांब कुठून आणायचा?

तो मिळाला अब्जावधी प्रकाशवर्षं दूर. दीर्घिकांच्या क्वेसार नावाच्या तेजस्वी केंद्रांमधून रेडिओलहरी येतात, आणि ती इतकी लांब आहेत की आकाशात जागच्या जागी खिळल्यासारखी दिसतात. स्वीडनमधल्या ओन्साला आणि अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या दुर्बिणींनी एकाच वेळी एकाच क्वेसारकडे कान लावले. तीच लहर एकीकडे किंचित आधी पोचते, दुसरीकडे किंचित नंतर. हा फरक अणुघड्याळांनी टिपायचा, तसे अनेक क्वेसार घ्यायचे, की दोन दुर्बिणींमधलं अंतर निघतं. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे सेंटिमीटर पकडायला नॅनोसेकंदाचाही तिसावा भाग मोजावा लागतो. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत उत्तर आलं: अटलांटिक महासागर वर्षाला पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास रुंदावतो आहे. खडकांनी दिलेला लाखो वर्षांचा सरासरी वेग आणि घड्याळांनी दिलेला काही वर्षांचा वेग बऱ्यापैकी जुळले, हे मला या सगळ्या कथेतलं सर्वांत थक्क करणारं वाटतं.

त्याआधीच आणखी एक खांब आकाशात गेला होता. १९७६ साली नासाने सोडलेला लेजिऑस हा उपग्रह म्हणजे ६० सेंटिमीटर व्यासाचा, चारशे किलोंच्या घरातला धातूचा भरीव गोळा. आत बॅटरी नाही, यंत्र नाही. अंगावर फक्त प्रकाश आला त्याच दिशेने परतवणारे ४२६ लोलक. जमिनीवरून लेझर मारायचा, परत यायला किती वेळ लागला ते बघायचं. तो फिरतो पृथ्वीच्या वस्तुमानाच्या केंद्राभोवती, त्यामुळे ते केंद्र नेमकं कुठे आहे हे त्याच्यामुळे कळतं. आत कार्ल सेगन यांनी तयार केलेली एक पट्टी आहे. तिच्यावर खंडांचे तीन नकाशे कोरलेत: कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, आजचा आणि ८० लाख वर्षांनंतरचा. तोवर गोळा खाली पडेल असा अंदाज आहे.

रोजचं काम मात्र आता जीपीएस करतं. मोबाइलमधलं जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतं. संशोधनाची केंद्रं वेगळी. घट्ट खडकात रोवलेला खांब किंवा पोलादी तिकाटणं, वर घुमटाखाली अँटेना, आणि वर्षानुवर्षं अखंड नोंद. त्यातून मग बाकीच्या हालचाली वजा कराव्या लागतात, आणि त्या काही थोड्या नसतात. चंद्र-सूर्याच्या ओढीने घन जमीनसुद्धा दिवसातून दोनदा वर-खाली होते, तीसेक सेंटिमीटरपर्यंत! पावसाळ्यात गंगेच्या खोऱ्यात साठलेल्या पाण्याच्या वजनाने हिमालयाच्या पायथ्याची केंद्रं एखाद सेंटिमीटर खाली दबतात आणि पाणी ओसरलं की वर येतात. मान्सूनचं वजन जमिनीच्या तराजूत असं दिसतं.

आता भारताचा वेग किती? उत्तरं दोन, आणि दोन्ही बरोबर. जागतिक चौकटीत दक्षिण भारत वर्षाला पाच सेंटिमीटरच्या थोडं वर, ईशान्येकडे सरकतो. युरेशियाच्या मानाने हाच वेग चार सेंटिमीटरच्या आसपास भरतो. ती जागतिक चौकटसुद्धा शेवटी एक करारच आहे: सगळ्या भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांच्या, फिरण्याची गोळाबेरीज शून्य धरायची, असा. म्हणून बातम्यांमधला तो ‘पाच सेंटिमीटर’ मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. मुंबई आणि नागपूर दोन्ही पाच सेंटिमीटर सरकतात आणि त्यांच्यातलं अंतर जवळपास तेवढंच राहतं. कोयना किंवा किल्लारीच्या भूकंपाचा उलगडा त्या आकड्यातून थेट होत नाही.

कोणत्याही चौकटीत न बदलणारा आकडा नेपाळमध्ये आहे. भारताचा सपाट प्रदेश आणि दक्षिण तिबेट यांच्यातलं अंतर तिथे वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर कमी होतं. भारतीय भूपट्ट हिमालयाखाली घुसतो तो उताराचा पृष्ठभाग खोलवर सरकत राहतो. वरचा, दक्षिणेकडचा शंभरेक किलोमीटरचा भाग मात्र अडकलेला आहे. डोंगर आखडत जातात आणि ताण साठतो. काठमांडू भागात १८३३ साली मोठा भूकंप झाला होता. तेव्हापासून २०१५पर्यंत १८२ वर्षं, वर्षाला दोन सेंटिमीटर, म्हणजे सरकण्याची साडेतीन मीटरांहून थोडी जास्त उधारी. २५ एप्रिल २०१५ला ७.८ तीव्रतेच्या भूकंपात तो खोलवरचा अडकलेला पृष्ठभाग सरासरी जवळपास तेवढाच घसरला. काठमांडूचं खोरं काही सेकंदांत दीड-दोन मीटर दक्षिणेला गेलं आणि मीटरभर उचललं गेलं. उत्तरेकडचा उंच डोंगराळ भाग उलट खाली बसला. जवळपास ९,००० माणसं गेली.

हा हिशेब तारीख सांगत नाही. कुठे किती साठलं आहे, एवढंच तो सांगतो. काठमांडूच्या पश्चिमेला, पोखऱ्याच्याही पलीकडे, शेवटचा महाभूकंप १५०५ साली झाला. वर्षाला दोन सेंटिमीटर धरले तर तिथली उधारी आता दहा मीटरांच्या वर गेली आहे.